न आलेल्या मुलांच्या मागावर : भावनगर, बोर्डी, कोसबाड

नूतन बालशिक्षण संघाची स्थापना १९२६ सालची. म्हणजे २०२६ हे त्याचे शताब्दी वर्ष. स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की संस्थापक, देणगीदार, इमारती, पटसंख्या असा एक ठरलेला क्रम हाताशी असतो. संघाच्या बाबतीत त्या क्रमाने गेले तर मुख्य गोष्टच निसटते. अंगणवाडी, पाळणाघर, कुरणशाळा, विकासवाडी ही जी नावे आज या कामाशी जोडली गेली आहेत, त्यांतले प्रत्येक काम कुठले तरी मूल शाळेत आले नाही म्हणून सुरू झाले. हजेरीपटावर नाव नसलेल्या त्या मुलाला धरूनच हा इतिहास सांगितला पाहिजे, असे मला वाटते.

आरंभ महाराष्ट्राबाहेरचा आहे. भावनगरला नानाभाई भट्ट यांनी उभारलेल्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. गिजुभाई वकील होते. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या विचारात असताना मारिया माँटेसोरी यांच्या पद्धतीची त्यांना ओळख झाली आणि वकिली मागे पडली ती कायमची. मुलाला मारायचे नाही, बक्षिसाची लालूच दाखवायची नाही, त्याच्या हातांना काम द्यायचे, गोष्टी सांगायच्या, नाटके करू द्यायची. 'छडी लागे छमछम' हेच शिक्षणशास्त्र असलेल्या काळात हे सारे एक पुरुष करून दाखवत होता. गुजरातने त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशांची आई म्हटले, ते उगाच नव्हे.

ताराबाई मोडक १९२३ मध्ये तिथे दाखल झाल्या. जन्म १८९२ चा, मुंबईचा. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे. पदवी १९१४ ची. लग्न होऊन अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. पुढे राजकोटला बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईला त्या काळी इतके मानाचे आणि सुरक्षित पद मिळाल्यावर ते तिने घट्ट धरून ठेवले असते तर कोणी नावे ठेवली नसती. ताराबाईंनी ते सोडले आणि तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर जमिनीवर बसायला त्या भावनगरला गेल्या. गिजुभाई आणि ताराबाई यांनी मिळून १९२६ मध्ये संघ स्थापन केला. 'शिक्षणपत्रिका' निघू लागली. आधी गुजरातीत, मग ताराबाईंच्या संपादनाखाली मराठीतही. आईबापांशी बोलणारे, मुलाने हट्ट का धरला, खोटे का सांगितले, जेवताना सांडले तर काय करावे, असल्या रोजच्या प्रश्नांवर शास्त्राच्या आधाराने पण घरगुती भाषेत लिहिणारे हे मासिक होते. मराठीत बालशिक्षणाला स्वतःची परिभाषा मिळाली, त्यात या पत्रिकेचा वाटा फार मोठा आहे आणि तो पुरेसा नोंदला गेलेला नाही.

१९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. शिक्षिका घडवण्याचे कामही त्याच्या जोडीने आले. मध्यमवर्गीय मराठी पालकांनी शिशुविहाराला भरभरून प्रतिसाद दिला. मुले वेळेवर येत, स्वच्छ येत, फी भरत. कोणत्याही संस्थेने इथे स्थिरावून पुढची पन्नास वर्षे उत्तम शाळा चालवली असती. संघाची दादरची शाळाही चाललीच. पण ताराबाईंचे मन त्यात रमेना, आणि त्याला कारण होते.

माँटेसोरी पद्धतीचा जन्म श्रीमंतांच्या वस्तीत झालेला नाही. १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेन्झो या मजूर वस्तीत, आईबाप कामाला गेल्यावर दिवसभर जिन्यांवर उंडारणाऱ्या पोरांसाठी पहिले बालगृह उघडले गेले. भारतात येईपर्यंत मात्र त्या पद्धतीची साधने महाग झाली होती. गुळगुळीत रंगवलेले ठोकळे, खाचांत नेमके बसणारे लाकडी दट्टे, मण्यांच्या माळा ही सामग्री ज्यांना परवडे त्यांच्याच मुलांना ती मिळे. १९३१ मध्ये लंडनला माँटेसोरी बाईंच्या प्रशिक्षणवर्गासमोर गांधीजी बोलले, तेव्हा त्यांनी हाच मुद्दा काढला होता : हे शिक्षण भारतातल्या गरिबांच्या मुलांपर्यंत पोहोचावे. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर गांधीजींच्या नई तालीमचा विचार देशभर पसरला आणि पुढे शाळेच्या आधीच्या वयाचाही त्यात समावेश झाला. खेड्यातल्या लहानग्यांसाठी पद्धत कोण बसवणार, हा प्रश्न तेव्हा मोकळाच होता. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून बोर्डीला आल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले.

बोर्डीचीच निवड का झाली, हे समजण्याजोगे आहे. डहाणूच्या उत्तरेला समुद्राकाठचे हे गाव चिकूच्या वाड्यांसाठी जितके ओळखले जाते तितकेच शाळेसाठीही. गोखले एज्युकेशन सोसायटीचे हायस्कूल तिथे १९२० पासून होते आणि आचार्य शंकरराव भिसे यांच्यासारख्या शिक्षकांनी त्याला समाजकार्याची जोड दिली होती. शिक्षणाचे महत्त्व जाणणारी माणसे गावात होती, मुंबईची गाडी जवळून जात होती, आणि गावाबाहेर पाऊल टाकले की शिक्षणाचा वाराही न लागलेले पाडे सुरू होत होते.

याच सुमारास अनुताई वाघ ताराबाईंना येऊन मिळाल्या. कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवलीच्या शिबिरात दोघींची भेट झाली. अनुताईंचा जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या काळी अशा मुलीचे पुढचे आयुष्य स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी संपत असे. अनुताईंच्या घरच्यांनी त्यांना शिकू दिले. व्हर्नाक्युलर फायनलला त्या पहिल्या आल्या, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षिका झाल्या, नाशिक जिल्ह्यात चांदवडला शिकवले, मग पुण्याला हुजूरपागेत नोकरी केली. रात्रीच्या शाळेत बसून मॅट्रिक झाल्या. बोर्डीला आल्या तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या. ताराबाईंकडे विचार, वाचन आणि मांडणी होती. अनुताईंकडे खेड्याची जाण, अंगमेहनतीची तयारी आणि माणसांत मिसळण्याची हातोटी. दोघींचे काम पुढे अठ्ठावीस वर्षे एकत्र चालले. मराठी शिक्षणक्षेत्रात गुरुशिष्येची याहून फलदायी जोडी मला आठवत नाही.

बोर्डीला बालवाडी सुरू झाली आणि पहिली गाठ पडली ती अनुपस्थितीशी. गावातली मुले येऊ लागली; वस्त्यांवरची, हरिजनवाड्यातली, मजुरांची मुले येईनात. निरोप पाठवून, घरोघर जाऊन, हाताला धरून आणूनही दुसऱ्या दिवशी जागा रिकामीच. कारणे शोधली तर ती साधीच होती. आई पहाटे कामाला गेली, मुलाला अंघोळ कोण घालणार? अंगावर धड कपडा नाही, तर तसेच दुसऱ्यांच्या मुलांत कसे बसायचे? शिवाय ज्या गावात पाणवठा वेगळा, त्या गावाच्या मध्यावरच्या शाळेत आपल्या मुलाला मनापासून बसवून घेतील, यावर वाड्यातल्या आईने एका निरोपावर विश्वास का ठेवावा?

तेव्हा शाळाच मुलांकडे न्यायचे ठरले. वस्तीतल्या एखाद्या घरासमोरचे अंगण झाडून घ्यायचे आणि तिथेच वर्ग भरवायचा. मध्यवर्ती बालवाडी एकीकडे आणि अंगणात भरणारी बालवाडी दुसरीकडे, असे कामाचे दोन भाग झाले. आज देशभर वापरला जाणारा 'अंगणवाडी' हा शब्द त्या अंगणांतून आला.

त्या अंगणातल्या सकाळीकडे जरा जवळून पाहायला हवे, कारण संघाचे सगळे शिक्षणशास्त्र त्यात होते. शिक्षिका येई ती पाठीशी फळा घेऊन नव्हे, बादली, तांब्या, फणी आणि कापडाचे तुकडे घेऊन. पहिला तास पाण्याचा. हात-पाय-तोंड धुणे, नाक पुसणे, नखे काढणे, डोक्यात तेल घालून केस विंचरणे. खरजेवर औषध. हे करताना ती मुलाशी बोलत राही : हा उजवा हात, हा डावा, पाणी गार आहे की कोमट, किती बोटे धुतली, किती राहिली. मोठे मूल लहानाचे हात धुवायला शिके. आज्या-आया कडेला उभ्या राहून बघत, आणि काही दिवसांनी शिक्षिका यायच्या आतच मुले धुऊन-पुसून बसलेली असत. वरवर पाहणाऱ्याला हा आरोग्याचा कार्यक्रम वाटेल. पण तीन वर्षांच्या मुलाच्या अंगाला कोणी परक्या बाईने मायेने हात लावणे, आणि तेही ज्या जातीला शिवत नसत त्या जातीच्या मुलाला, यात काय घडत होते ते त्या वाड्यातल्या आयांना बरोबर समजत होते. शाळेविषयीचा विश्वास तिथे बसला.

मग साधनांचा प्रश्न. दादरची सामग्री इथे आणणे परवडणारे नव्हते, आणि आणली असती तरी मुलांना ती परकीच वाटली असती. ताराबाईंनी प्रत्येक साधनाचा हेतू काय आहे ते आधी निवडून काढले आणि मग तोच हेतू साधणारी वस्तू आसपास शोधली. लहान-मोठा क्रम लावायला समुद्रावरचे शंखशिंपले होते. स्पर्शाने ओळखायला चिंचोके, सागरगोटे, गुंजा, वेगवेगळी धान्ये होती. रंगांसाठी पाने-फुले, वजनांसाठी दगड, आवाजासाठी बिया भरलेल्या डब्या. बांबूच्या कांड्या कापून उतरत्या उंचीने मांडल्या की मुलाला लांबीची पायरी मिळे. मातीच्या मण्यांवर मोजणी होई. अक्षरे आधी धुळीत बोटाने, मग पाटीवर.

यात एक शैक्षणिक निर्णय दडलेला आहे आणि तो सोपा नव्हता. माँटेसोरी बाईंचा आपल्या साधनांच्या अचूकपणावर कटाक्ष होता. दट्टा चुकीच्या खाचेत बसतच नाही, म्हणून मुलाला आपली चूक आपल्याला कळते, हा त्या रचनेचा गाभा. शिंपले असे नेमके नसतात. दोन शिंपल्यांत मोठा कोणता यावर दोन मुलांचे भांडण होऊ शकते. ताराबाईंनी ही तडजोड डोळसपणे पत्करली, आणि माझ्या मते तिथे त्या मूळ पद्धतीच्या पुढे गेल्या. कारण त्या भांडणात मुले बोलू लागतात, कारणे देतात, शिंपला शिंपल्यावर ठेवून पाहतात. शिवाय जे साधन शाळा सुटल्यावर ओहोळाकाठी पुन्हा सापडते त्यावर मुलाचा हक्क असतो. कपाटात कुलूप लावून ठेवलेल्या पेटीवर तो नसतो.

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. आतापर्यंतचे काम समुद्राकाठच्या गावातले. टेकडीच्या चहूबाजूंना वारली आदिवासींचे पाडे. इथे आलेल्या बायकांना पाहून मुले पळून जात, झाडीत लपत. आजच्या वाचकाला हे भाबडेपण वाटण्याचा संभव आहे, म्हणून या मुलखाचा मागचा काळ लक्षात घेतला पाहिजे. वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेलेल्या होत्या, वेठबिगार होती, जंगलात गवत कापणे आणि झाडे तोडणे ठेकेदार सांगेल त्या मजुरीवर करावे लागे. ताराबाई बोर्डीला आल्या त्याच १९४५ मध्ये या भागात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव झाला. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक त्याची हकिगत सांगते. अशा पाड्यावर बाहेरचे धडके कपडे घातलेले माणूस येई ते बहुधा वसुलीला, कामाला हाकून न्यायला नाहीतर चौकशीला. त्या माणसाला पाहून पळणे हे तिथल्या मुलाने आईबापांकडून शिकलेले शहाणपण होते. उठाव करणाऱ्यांचा मार्ग आणि बालवाडीचा मार्ग निराळे होते, त्यांची तुलना इथे करायची नाही. पण वेठीच्या भीतीतून सुटलेल्या पहिल्याच पिढीची मुले कोसबाडच्या बालवाडीत बसली, ही गोष्ट संस्थेच्या इतिहासात नोंदलीच पाहिजे.

कोसबाडला पुन्हा तोच प्रश्न समोर आला : कोण येत नाही? सात-आठ वर्षांच्या मुली येत नव्हत्या. त्यांच्या कडेवर धाकटे भावंड होते. आई आवणीला किंवा गवताला गेली की घरातले तान्हे मूल या मुलीचे. मुलीला शाळेत ये म्हणणे म्हणजे तान्ह्याला वाऱ्यावर सोड म्हणणे. यावर ताराबाईंनी काढलेला तोडगा म्हणजे विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, एकमेकांना लागून. मुलगी येताना भावंडाला घेऊन येई. तान्हे पाळणाघरात, तीन-चार वर्षांचे बालवाडीत, आणि ती स्वतः वर्गात. मधल्या सुट्टीत जाऊन भावंडाला पाहून येई. हळूहळू पाळणाघरातली कामे हीच मोठ्या मुलींच्या अभ्यासाचा भाग झाली. बाळाला कसे धरावे, पाणी उकळून का द्यावे, ताप आला तर काय करावे. आणि पाळणाघरातले मूल बालवाडीत, बालवाडीतले पहिलीत कधी गेले ते त्याला कळतही नसे, कारण दार तेच, माणसे तीच. पहिलीच्या उंबरठ्यावर मूल बिचकते आणि गळते, ही गोष्ट आजही शिक्षकांना छळते. कोसबाडला तो उंबरठाच काढून टाकला होता.

मुलगे येत नव्हते, कारण ते गुरांमागे होते. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणावर गेला. हीच कुरणशाळा. गुरे चरायला लागली की झाडाखाली वर्ग बसे. गुरे पुढे सरकली की वर्गही पुढे सरके. मोजायला गुरेच होती : सकाळी किती सोडली, आता किती दिसतात, ओहोळापलीकडे किती गेली. कोणती वनस्पती गुरे खातात आणि कोणती टाळतात, याची माहिती मुलांना शिक्षकापेक्षा अधिक होती आणि शिक्षकाने ती त्यांच्याकडून घ्यायची, असा या शाळेचा रिवाज. भाषेचा प्रश्नही इथे आला. पुस्तकातली मराठी आणि मुलाच्या तोंडची वारली बोली यांत अंतर आहे. आधी त्याच्या बोलीत बोलू द्यायचे, त्याच्या गोष्टी, तारप्याच्या तालावरची गाणी वर्गात येऊ द्यायची, मग सावकाश पुस्तकाकडे वळायचे. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्गही चालले. पण कुरणशाळेइतकी धीट कल्पना मला त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्या शाळेत दिसत नाही. सरकारी नियमात शाळा म्हणजे खोली, घंटा आणि अकरा ते पाच. कुरणशाळेत यांतले एकही नव्हते आणि मुले शिकत होती.

या प्रयोगांना शिक्षिका लागत आणि त्या बाहेरून मिळण्यासारख्या नव्हत्या. म्हणून अध्यापन मंदिर हा संस्थेचा कणा राहिला. खेड्यांतून आलेल्या, थोडेफार शिकलेल्या बायका, त्यांत परित्यक्ता आणि विधवा पुष्कळ, इथे येऊन राहत. सकाळी बालवाडीत निरीक्षण, दुपारी मानसशास्त्र आणि आरोग्याचे पाठ, संध्याकाळी साधने बनवणे. मूल काय करते ते नुसते बघायचे आणि लिहायचे, मधे पडायचे नाही, हा धडा सगळ्यांत अवघड. अनुताईंनी या शिक्षिकांसाठी 'बालवाडी कशी चालवावी' यासारखी हाताशी ठेवण्याजोगी पुस्तके लिहिली. स्वतः त्या अजून शिकतच होत्या. १९६१ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर आणि दृष्टी अधू झालेली असताना, त्या पदवीधर झाल्या.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. पुढची जबाबदारी अनुताईंवर आली. संस्थापकाच्या मागे संस्था टिकवणे हे संस्था काढण्यापेक्षा कठीण असते हे आपल्याकडे अनेक नामवंत संस्थांनी दाखवून दिले आहे. अनुताईंनी केंद्र टिकवले आणि वाढवलेही. त्यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन वाचताना एक गोष्ट मनात भरते. त्यांच्या आयुष्यात दुःखाला तोटा नव्हता, पण पानामागून पान मुलांचे, शिक्षिकांचे, पाड्यावरच्या माणसांचे आहे. हे पुस्तक शिक्षकाने आपल्या कामाचा हिशेब कसा द्यावा याचा नमुना म्हणून अध्यापक महाविद्यालयांत लावावे, अशी माझी सूचना आहे. त्या थकल्या नाहीत. सत्तरी गाठल्यावरही त्यांनी नवे काम अंगावर घेतले, प्रा. रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही संस्था उभी केली. डहाणू तालुक्यात ऐन्याला तिचे काम चालते. तिने बालशिक्षणाच्या विचाराला पुढच्या काळातल्या संशोधनाची जोड दिली.

आता त्या अंगणांचे पुढे काय झाले ते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी म्हटले. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. महाराष्ट्रातच एक लाखाहून अधिक. इतक्या मोठ्या प्रमाणावर एखादी शैक्षणिक कल्पना देशाने उचलल्याची उदाहरणे फार नाहीत. मात्र उचलताना काय मागे राहिले तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांचे आरोग्य शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण अशी योजनेची सहा अंगे. सहावे अंग बहुतेक ठिकाणी शेवटी राहिले. कोसबाडची शिक्षिका मुलाच्या खेळाची नोंद लिहायला शिकत होती. अंगणवाडी सेविकेचा दिवस वजनाच्या नोंदी, आहाराचे वाटप, सर्वेक्षणे आणि आता मोबाइलमधले रकाने भरण्यात जातो. तिला पगार नाही, मानधन आहे. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे सांगायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. लहान मुलांना शिकवणे हे तज्ज्ञाचे काम आहे, ही ताराबाईंची मूळ भूमिका. त्यांची अंगणे सरकारने घेतली, ही भूमिका घेतली नाही. आमच्यापैकी जे या क्षेत्रात काम करतात त्यांनी हे वारंवार आणि मोठ्याने म्हटले पाहिजे.

अनुताई २७ सप्टेंबर १९९२ रोजी गेल्या. त्याच वर्षी शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीचे बालमृत्यू उघडकीस आले आणि महाराष्ट्र हादरला. बालवाडीत मूल येण्याआधी ते जगले पाहिजे, त्याच्या आईला पोटभर मिळाले पाहिजे, हे कोसबाडच्या दोघींना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. म्हणूनच त्यांच्या शाळेला पाळणाघर होते आणि पाळणाघरात दूध-खाऊ होता. ठाणे जिल्ह्याचा हा भाग २०१४ मध्ये नव्या पालघर जिल्ह्यात गेला. दिवाळीनंतर पाडे आजही रिकामे होतात. आईबाप वीटभट्टीवर, मिठागरात, बांधकामावर जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. कुरणावरचे मूल आता भट्टीवर आहे. त्याच्यामागे जाणारी शाळा सर्वदूर उभी राहिलेली नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट एकसलग पायाभूत टप्पा मानला. अंगणवाडी आणि पहिली-दुसरी जोडून घ्या असे सांगितले. मातृभाषा, खेळ, परिसरातल्या वस्तू यांवर त्यात भर आहे. कोसबाडला हे साठ वर्षांपूर्वी विकासवाडीत चालू होते. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण शाळा आणि अंगणवाडी जोडताना तिसरा भाग, पाळणाघर, पुन्हा वगळले जात आहे, याकडे धोरण राबवणाऱ्यांचे लक्ष वेधणे हे शताब्दीतले आपले काम आहे. भावंड कडेवर घेतलेली मुलगी अजून आहे. वीटभट्टीवर आहे, ऊसतोडीच्या तळावर आहे, शहरातल्या बांधकामाच्या पत्र्याआड आहे. तिच्यासाठी पाळणाघर नसेल तर तिच्यासाठी शाळा नाही.

शेवटी एक विनंती. संघाच्या अध्यापन मंदिरांतून शिकून गेलेल्या शिक्षिका महाराष्ट्रभर विखुरल्या आहेत. त्यांच्यापैकी कित्येकींनी निरीक्षणाच्या वह्या, पाठांची टाचणे, हाताने उतरवलेली गाणी आणि गोष्टी, ताराबाई-अनुताईंची पत्रे, 'शिक्षणपत्रिके'चे जुने अंक जपून ठेवले असतील. काहींच्या माघारी ती घरच्यांकडे असतील. रद्दीत जाण्याआधी ती संस्थेच्या दप्तरी जमा करावीत. मूळ प्रत देणे जिवावर येत असेल तर छायाप्रत द्यावी, आणि वहीवर शिक्षिकेचे नाव, गाव आणि साल तेवढे आठवणीने लिहावे.